माझ्या चाकांवरचा आळ

मित्रांनो, मी सायखेड्याच्या जीवनची जुनी मोटारसायकल आहे. आता रंग उडालाय, पण एके काळी झेंडूची पोती लादून मी उजाडताच नाशिकचा फूलबाजार गाठायचे आणि जीवन कौतुकानं माझी टाकी थोपटायचा.

त्याच्या बायकोला, मंजुषाला, दिवस गेले होते. तेव्हा ती एकदा माझ्यावर बसून निफाडच्या बाजाराला गेली. त्याच आठवड्यात तिचा गर्भ पडला. सासू नवसाबाईंनी सरळ मलाच धरलं. "ह्या खटाऱ्याच्या धक्क्यांनीच घात केला!" लाजेनं मी अर्धमेली झाले. मला गोठ्यात म्हशीशेजारी उभं केलं, वर पोतं टाकलं, आणि मीही ते खरंच मानलं.

दुसऱ्या वेळी मंजुषा घराबाहेरसुद्धा पडली नाही. तरी तेच झालं. माझ्यावरचा आळ टळला, पण तो थेट तिच्या माथी गेला. "हिचाच पायगुण वाईट," बायका कुजबुजू लागल्या. डोहाळजेवणाचं बोलावणं तिला येईना. तिसऱ्यांदा गर्भ गेला तेव्हा ती मान वर करून चालायचीच थांबली. तोंड लपवायला गोठ्यात यायची आणि माझ्या सीटवर हात ठेवून रडायची. मला फार वाईट वाटे, पण मी बोलणार कशी?

अखेर जीवननं पोतं ओढून काढलं आणि दोघं माझ्यावरून नाशिकच्या दवाखान्यात आली. मंजुषा एकटी आत गेली. बायकांच्या कामात पुरुषाचं काय, म्हणून जीवन माझ्यापाशीच थांबला.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. "डॉक्टरबाई म्हणाल्या, गाडीच्या धक्क्यानं गर्भ पडत नाय. घरकामानं बी नाय."

"मग कशानं?"

"तेच शोधायचंय. माझ्या तपासण्या हायेत, आन् तुमचं बी रक्त घेणार हायेत. आत चला."

जीवनचा चेहरा खर्रकन उतरला. "माझं कशाला? गावात कळलं तर तोंड कुठं दाखवू?"

"मी कुठं दाखवत होते?" मंजुषा हळूच म्हणाली. "आपलं लेकरू गेलं तवा बी तुम्ही असेच बाहेर उभे होते. तुम्हाला रडू आलं का नाय, ते बी मला ठाऊक नाय."

जीवननं माझ्या हँडलवर डोकं टेकलं आणि भर रस्त्यात तो ढसाढसा रडला. लोक बघत होते. मग डोळे पुसून तो तिच्याबरोबर आत गेला. गडबडीत किल्लीसुद्धा काढायची राहिली.

मित्रांनो, त्यांचं पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही. गर्भ का पडतो, ते दर वेळी सापडतंच असं नाही. पण उपचार असतात, धीर देणारी माणसं असतात, आणि पुष्कळांच्या घरी पुढं लेकरू येतंही. शेजारी असं घर असेल तर दोष कुणाचा, ते विचारू नका. आणि मोठे झाल्यावर तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर बायकोला एकटीला आत पाठवून गाडी राखत उभे राहू नका. मी काही कुठं पळून जात नाही.