घासलेले पॅड

धाकट्या दिराच्या गाडीचे ब्रेक पहिल्यांदा किंचाळले, तेव्हा वहिनी हॉटेलच्या चादरी इस्त्रीच्या रोलरमध्ये सारत होती. बारीक, कानात सुई घातल्यासारखा आवाज. फाटकाशी गाडी हळू झाली की यायचा, पाय उचलला की बंद. चादरीचं टोक हातात तसंच धरून तिने कान दिला आणि कित्येक महिन्यांनी तिला मनापासून हसू आलं.

ब्रेकचे पॅड संपत आले की त्यांना लावलेली एक पातळ पत्री चाकामागच्या लोखंडी तबकडीला घासते आणि ओरडते. ओरडण्यासाठीच ती बसवलेली असते. त्या घरात हे कळणारी वहिनी एकटीच, कारण लाँड्रीची व्हॅन लग्नापासून तीच चालवत आली होती. नवरा धुलाई बघायचा, ती हॉटेलांतून आणि दवाखान्यांतून कपडे आणायची, पोचवायची. धाकटा हातभार लावायचा, म्हणजे मनात आलं तर.

गेल्या वर्षी व्हॅनचे ब्रेक असेच ओरडू लागले, तेव्हा तिने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "पॅड बदलायला झालेत."

"मी नेतो की," धाकटा म्हणाला. दुपारी गाडी घेऊन गेला, दिवेलागणीला परत आला. "बसवले नवे."

आवाज मात्र येतच राहिला. तिने पुन्हा विचारलं, तर तो म्हणाला, "नवे पॅड बसेपर्यंत थोडा आवाज करतातच, वहिनी." कधी कधी करतातही, म्हणून ती गप्प बसली.

मग एका सकाळी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना तिने उतारावर ब्रेक दाबला आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर झाली. स्टिअरिंग थरथरलं, गाडी एका अंगाला ओढली गेली आणि एका गोदामाच्या भिंतीवर जाऊन आदळली. वहिनीच्या कपाळाला खोक पडली. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं.

"पॅड नवे कोरे होते, दादा," धाकट्याने दवाखान्यात भावाला सांगितलं. "वहिनी कशी पळवतात गाडी, तुला माहीत नाही का?" हेच त्याने मावशीला सांगितलं, शेजारच्या शिंप्याला सांगितलं, हॉटेलांच्या मॅनेजरांना सांगितलं. "चाक उघडून बघा एकदा," वहिनी घसा फोडून सांगत होती. नवरा म्हणाला, "आई आत विव्हळतेय आणि तुला चाकाचं पडलंय?"

चेपलेली व्हॅन मागच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली, किल्ली नवऱ्याच्या कपाटात. वहिनी एकदा ती ताडपत्री उचलायला गेली, तर नवऱ्याने दंडाला धरून मागे आणलं. तिने नाद सोडला. राग सोडला नाही. सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं, आणि कपडे पोचवायला धाकटा स्वतःच्या चकचकीत गाडीतून जाऊ लागला.

आता तीच गाडी ओरडत होती.

वहिनीने कुणापाशी चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी फाटकाशी आवाज झाला, की ती मनात म्हणायची, घास बाबा, घास. काही दिवसांनी किंकाळी बंद झाली आणि खालच्या पट्टीतली खरखर सुरू झाली. एकदा अंगण झाडताना तिने चाकाच्या आऱ्यांमधून डोकावून पाहिलं. पॅडवरचा मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, जवळजवळ संपला होता, तबकडीवर नखाने ओरबाडल्यासारखे चरे पडले होते. धाकटा गाणी इतकी मोठ्याने लावायचा, की त्याला पत्ताच नव्हता. तो कुठेतरी आदळेल, मग सगळ्यांसमोर आपण काय म्हणायचं, हे वाक्य ती रोज रोलरवर घडवत बसायची. रोज ते आणखी टोकदार व्हायचं.

मग सासूबाईंच्या तपासणीचा दिवस आला. धाकट्याने गाडी वळवून पायरीशी आणली. थांबताना चाक असं खरवडलं, की खिडकीत उभ्या असलेल्या वहिनीच्या दाढा शिरशिरल्या. आतून सासूबाई वॉकर टेकत येत होत्या.

बोलायची हीच वेळ होती. वहिनी हलली नाही. तुम्हीही त्याचंच खरं मानलं होतंत ना, आई? मग बसा त्याच्याच गाडीत. स्वतःच्या मनात हे इतकं स्वच्छ उमटलेलं पाहून ती चरकली, पण तोंड उघडलं नाही.

सासूबाई दाराशी थबकल्या.

"गाडी पुढे घे जरा," त्या धाकट्याला म्हणाल्या. "आता थांबव."

पुन्हा तीच घरघर. सासूबाईंनी पुढे टाकलेला वॉकर मागे घेतला.

"हा आवाज मी ऐकलाय. उतारावर."

"काहीतरीच काय, आई! गाडी थांबते ना?"

सासूबाई वळल्या आणि थेट खिडकीकडे पाहून बोलल्या. "तुला ऐकू येत होतं हे?"

"येत होतं," वहिनी म्हणाली.

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"आणि गप्प बसलीस?"

"मागच्या वेळी बोलले होते, आई. तेव्हा कुणी ऐकलं?"

सासूबाईंनी वॉकर मागच्या अंगणाकडे वळवला. मग म्हणाल्या, "तपासणी राहू दे उद्यावर. पाना आण. व्हॅनचं चाक उघड."

ओले हात पुसत नवरा बाहेर आला, पण आईचा चेहरा पाहून या वेळी त्याने वहिनीला अडवलं नाही. वहिनीने ताडपत्री ओढून टाकली. जॅक लावला, गंजलेल्या नटांना पाना लावून, त्यावर पाय देऊन चाक काढलं आणि आतले पॅड उपसून सासूबाईंच्या तळहातावर ठेवले. मसाल्याचा कणही नव्हता. नुसत्या पत्र्याच्या पाट्या, घासून गुळगुळीत झालेल्या.

"नवा पॅड बोटाएवढा जाड असतो," ती म्हणाली. "इतक्या थोड्या दिवसांत असा होत नाही."

"मेकॅनिकने फसवलं असेल मला," धाकटा म्हणाला.

"मग चला त्याच्याकडे. आत्ताच विचारू."

धाकट्याला कुठल्याच मेकॅनिकचं नाव सांगता येईना. तो वहाणेने माती उकरत राहिला. "वाटेत मित्र भेटले," तो शेवटी पुटपुटला. "मग उशीर झाला. म्हटलं, उद्या बसवू. मग राहूनच गेलं."

नवरा पायरीवर बसला आणि त्याने डोकं धरलं. त्याच्याकडे वहिनीने पाहिलंही नाही. तिला हवा होता तो माणूस समोर उभा होता, आणि इतके दिवस घडवलेलं ते टोकदार वाक्य तिला आता अगदीच अपुरं वाटू लागलं.

"भाऊजी, नवे पॅड घेऊन या. चालत जा."

तो गेला. परत आल्यावर तिने त्याला तापलेल्या फरशीवर बसवून त्याच्याच हातांनी पॅड बदलायला लावले. त्याची बोटं सोलली, शर्ट काळा झाला. ती पाना द्यायची आणि इतकंच म्हणायची, "अजून घट्ट."

मग तिने त्याच्या गाडीची किल्ली मागून घेतली आणि त्याला शेजारच्या सीटवर बसवलं. ज्याच्या ज्याच्याकडे त्याने तोंड वाजवलं होतं, त्या प्रत्येक दारात ती गाडी उभी करायची आणि खरं काय ते सांगायला त्याला आत पाठवायची. शिंप्याकडून तो पटकन परत आला. "सांगितलं."

"मला ऐकू नाही आलं. पुन्हा जा. मोठ्याने."

शिंप्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघू लागली, तरी तिने गाडी हलवली नाही. हॉटेलांत त्याला मॅनेजरसमोर सगळं पहिल्यापासून बोलावं लागलं. मावशीकडे तो रडला. आपल्याला दया येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही. उलट आत कुठेतरी गारवा पसरला.

घरी आल्यावर नवऱ्याने चहा पुढे केला. "माझंही चुकलं," तो म्हणाला. "आता झालं ना समाधान?"

"तुमची पाळी अजून यायचीय," ती म्हणाली आणि कप तसाच ठेवला.

सासूबाई खाटेवर बसून सगळं ऐकत होत्या. "आणि मी कुणाच्या दारात जायचं?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर वहिनीने ठरवलं नव्हतं.

"इथेच बोला," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

सासूबाई वॉकर धरून उठल्या, उभ्या राहिल्या आणि तिचं खरं न मानल्याची त्यांनी माफी मागितली. वहिनीने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांना आधार देऊन बसवलं आणि धाकट्याला हाक मारली, कारण रोलरपाशी चादरींचा ढीग तसाच पडला होता, आणि उद्यापासून तो त्यालाच उपसायचा होता.