अर्ध्या तासाची ओळ

अंजनाने डोकी तिसऱ्यांदा मोजली. पहिल्या खेपेला सतरा भरली होती, दुसऱ्या खेपेला सतरा, आणि आताही सतराच. यवतच्या शाळेतल्या त्या प्रयोगशाळेत बाकं नव्हती, उंच स्टुलं होती. त्यांवर बसलेल्या मास्तरमंडळींचे पाय जमिनीला टेकत नव्हते, शाळेतल्या पोरांसारखे हलत होते. तिने हजेरीच्या वहीत सतरा लिहिले आणि पेन खाली ठेवले.

“किती झाले, रणपिसे बाई?” टेबलामागून पोपटरावांनी विचारले. ते या विज्ञान शिक्षकांच्या मंडळाचे अध्यक्ष. दौंडकडच्या एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक, एम. एस्सी. झालेले, बोलताना चष्मा काढून हातात धरायचे.

“सतरा.”

“आणि लागतात?”

“एकवीस.”

“म्हणजे नेहमीचंच. सभा तहकूब, अर्ध्या तासाने इथेच पुन्हा भरेल. हौसराव, चहाचं बघा जरा.”

स्टुलं सरकली. कुणी कोट झटकला, कुणी तपकिरीची डबी काढली. अंजना मात्र उठली नाही.

“तहकूब करता येईल, सर. पण अर्ध्या तासाने पुन्हा घेता येणार नाही.”

“का बरं?”

“तसा नियम नाही आपल्या घटनेत.”

हौसराव यवतचेच. वर्गात हसवून हसवून रसायनशास्त्र शिकवायचे. ते दारातूनच मागे वळले. “अवो बाई, अर्धा तास तर गनपतीच्या मंडळाला पन असतोय! आमच्या सोसायटीची सभा आजवर येळेवर भरलेली न्हाई. ती अर्ध्या तासानंच भरती, आन् तशी पाटी आधीच लावून.”

सगळे हसले. हसत हसतच पोपटरावांनी घटनेची सायक्लोस्टाइल केलेली चार पाने उलटली आणि नियम सात काढला. सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक राहील. एवढे वाक्य आणि पुढे लगेच नियम आठ, चिटणिसांची कर्तव्ये. त्यांनी पान पालथे करून पाहिले. मागे कोरे होते.

खोलीतले हसू हळूहळू विरले. मागच्या महिन्यात शिरूरच्या सभेत हीच चार पाने वाटली गेली होती आणि सगळ्यांनी हात वर करून ती मंजूर केली होती. वाचली कुणीच नव्हती. गणपूर्ती कधी होत नाही आणि अर्ध्या तासाने तिची गरज उरत नाही, हे दोन्ही तालुक्यांत सूर्य उगवण्याइतके ठरलेले होते. सूर्य उगवला की नाही, हे कोण बघायला जातो?

मंडळ म्हणायला नवे होते, पण त्याचे मूळ जुने होते. भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर, आणि दोन्ही काठांवरच्या शाळांत मिळून धड असा एकच सूक्ष्मदर्शक. मांडवगण फराट्याच्या म्हाळू मास्तरांनी तो जुन्या बाजारातून पितळेच्या भावात आणला होता आणि एका घड्याळजीकडून दुरुस्त करून घेतला होता. पंधरा दिवस एका शाळेत, पंधरा दिवस दुसऱ्या शाळेत. मास्तर तो घोंगडीत गुंडाळून, मांडीवर तान्हे मूल घ्यावे तसा घेऊन नावेत बसत. पोचवायला गेले की त्या शाळेत राहत, कांद्याचा पापुद्रा दाखवत आणि मागच्या शाळेतल्या मास्तराची पुढच्या शाळेत ओळख करून देत. असे करता करता एकेचाळीस जण जमले. मग कुणी म्हणाले, मंडळ करू. कुणी म्हणाले, घटना हवी. अंजनाचे अक्षर वळणदार, म्हणून चिटणीसपण तिच्याकडे आले.

म्हाळू मास्तर स्वतः जुने व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास. बाप मेंढरांमागे हिंडलेला. पदवीचे तोंड घरात कुणी पाहिले नव्हते. आणि आजच्या सभेपुढे एकच विषय होता : नियम तीनमधली दुरुस्ती. सदस्य तोच, जो विज्ञानाचा पदवीधर.

यात पोपटरावांचा काही डाव नव्हता. जिल्हा संघाला जोडून घ्यायचे तर त्यांची तशी अट होती. महिनाअखेर मुदत. जोडणी झाली की दोन्ही तालुक्यांना साहित्याच्या पेट्या मिळणार होत्या आणि पुण्याच्या उन्हाळी प्रशिक्षणाला चार जागा. त्या चार नावांत अंजनाचे नाव दुसरे होते.

“महिनाअखेरीच्या आत दुसरी सभा लागत नाही,” पोपटराव म्हणाले. “पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे गेलं वर्षच.” त्यांचा आवाज चढला नाही, उतरला. “बाई, हे कसं झालं?”

अंजनाने टेबलावरच्या स्पिरिटच्या दिव्याची वात सारखी केली. दिवा पेटलेला नव्हता.

मागच्या भिंतीपाशी, सांगाड्याच्या तक्त्याखाली, म्हाळू मास्तर बसले होते. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर चार पाने. अजून बोलले नव्हते. ते खाकरले.

“ती ओळ व्हती.”

सगळे मागे वळले.

“कच्च्या मसुद्यात व्हती. अंजनानं मला दावला व्हता तवा म्या वाचली. म्हनलं बी तिला, अर्ध्या तासात कोन यीनार, यष्टी का उडत येती? म्हनून ध्यानात ऱ्हायली. समितीनं मंजूर केल्याला मसुदा त्योच. तिच्या पिशवीत असंल. टाकून देनारी न्हाई ती.”

अंजनाने त्यांच्याकडे पाहिले. मास्तर तिच्याकडे पाहत नव्हते. दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहत होते. पिशवी तिच्या पायाशी होती. नाही म्हटले असते, तर कुणी पिशवीत हात घातला नसता.

तिने वाकून कागद काढले. नियम सात, पेन्सिलीने लिहिलेला, तिच्याच वळणदार अक्षरात : गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.

“हां!” हौसराव म्हणाले. “म्हंजी स्टेन्सिल खालून सरकली. तळाची ओळ उमटतच न्हाई कवा कवा. आमच्या परीक्षेच्या पेपरात सातवा प्रश्न आसाच गेला आन् पोरांनी मला आशीर्वाद दिलं.”

पोपटरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “समितीचा मसुदा हाच. ही छपाईची चूक धरू. आता तीन वाजलेत. साडेतीनला बसू.”

*

शाळेमागे कडुलिंबाखाली कुणीतरी हरभऱ्याचा ढाळा आणून टाकला होता. मंडळी घाटे सोलत उभी होती, पण मास्तर त्यांच्यात नव्हते. ते पाण्याच्या टाकीच्या सावलीला एकटेच टेकले होते. अंजना त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“स्टेन्सिलवर ती ओळ सरकली का तू कापलीच न्हाई?” त्यांनी विचारले.

“कापलीच नाही. जिल्ह्याच्या अटीचं पत्र तेव्हाच आलं होतं.”

मास्तरांनी मान हलवली. वर्गात उत्तर बरोबर आले की हलवायचे, तशीच.

“आबा, तुम्ही गप्प बसला असता, तर आज काही झालं नसतं.”

“व्हय.”

“ते तुम्हाला मानद सदस्य करणार. मत नाही, काही नाही.”

“मानद म्हंजी हार घालाया बोलवायचं आन् जेवाया बसवायचं. वाईट न्हाई. या वयात आनिक काय पायजे?”

ती हसली नाही. पाचवीतली ती तिला आठवत होती : गावाबाहेरच्या वस्तीतून आलेली, रांगेत शेवटची. मास्तरांनी तिला पुढे बोलावून पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. तिने पाहिले, पापुद्र्यातली ती विटांच्या भिंतीसारखी घरे पाहिली, आणि बाजूला झाली. मागची रांग पुढे सरकेना. मास्तर पुढे झाले. काच पुसलीसुद्धा नाही. वाकले, स्वतःचा डोळा तिथेच लावला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग रांग सरकली.

“मंडळ तुमचं आहे,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला काढणारा नियम मी माझ्या हाताने लिहायचा?”

“दुसऱ्याचं अक्षर वाचता कुठं येतंय?” मास्तर म्हणाले. मग थोडे थांबले. “अंजे, पारा चढायचा तितका चढतो. आपल्याला ताप नको हाय म्हनून नळीवर बोट धरायचं, आसं म्या कवा शिकवलं तुला?”

टाकीच्या नळाखाली एक चिमणी पाणी पिऊन गेली, दुसरी आली.

“माझ्यासाठी केलंस,” ते म्हणाले. “ते मला कळतंय. कळतंय म्हनून तर गप बसवंना.”

आत घंटा वाजली. मास्तर उठले नाहीत.

“चला ना, आबा. तुमचं मत आहे अजून.”

“ज्येच्यावर ठराव, त्येनं पडवीत बसावं. तू जा.”

*

साडेतीनला सोळा जण बसले. ठराव वाचला गेला. शेवटी केंदूरचा एक तरुण मास्तर उठून म्हणाला की हे बरे नाही, आणि बसला. हौसरावांनी विनोद केला नाही. हात वर झाले, अंजनाने मोजले. बाजूने बारा, विरुद्ध चार. चारांतला एक तिचा होता. दुरुस्तीला लागणारे दोन तृतीयांश भरत होते. ठराव मंजूर.

“म्हाळू मास्तरांना तहहयात मानद सदस्यत्व द्यावं,” पोपटराव म्हणाले. यावर सगळेच हात वर झाले, आणि ते हात खाली यायला वेळ लागला.

“इतिवृत्त आत्ताच लिहून टाका, बाई. उद्या जिल्ह्याला पाठवायचं आहे. त्या ओळीचं एवढंच घाला, छपाईत राहून गेली होती, मूळ मसुद्यावरून वाचून घेतली.”

अंजना लिहू लागली. खोलीत निबेचा आवाज तेवढा होता. मंडळी स्टुलांवर पाय हलवत थांबली. पाचच्या गाडीला अजून अवकाश होता. पान भरले, तसे पोपटराव म्हणाले, “वाचा.”

ती उभी राहिली. सभेचे ठिकाण वाचले, अध्यक्षांचे नाव वाचले. उपस्थिती प्रथम सतरा, तहकुबीनंतर सोळा. मग आवाज न बदलता पुढे वाचले : “नियम सातमधील तहकूब सभेचे वाक्य समितीच्या मसुद्यात होते. ते चिटणीस अंजना रणपिसे यांनी स्टेन्सिल कापताना जाणूनबुजून गाळले. सदर वाक्य आज मूळ मसुद्यावरून पुन्हा घेण्यात आले.”

हौसरावांच्या हातातला घाटा सोलायचा राहिला.

पोपटरावांनी चष्मा काढला. “बाई, हे जिल्ह्याला जाणार आहे.”

“हो.”

“प्रशिक्षणाच्या यादीत तुमचं नाव आहे. वरचे लोक हे वाचतील आणि पहिल्यांदा ते नाव कापतील.”

“माहीत आहे, सर.”

“मग कशाला? छपाईची चूक म्हटली तर कुणी विचारणारही नाही.”

“झालं तसं लिहिलंय.”

पोपटराव तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला निघाला होता, पण वाटेत कुठेतरी थांबला. पडवीकडच्या खिडकीच्या गजांच्या सावल्या आत लांबल्या होत्या, आणि त्या गजांपलीकडे म्हाळू मास्तर उभे होते. किती वेळ उभे होते, कुणी पाहिले नव्हते.

“समदं बराबर हाय,” ते खिडकीतून म्हणाले. “पन वाचताना तारीख आली न्हाई. तारीख घाला, बाई.”

अंजनाने पान पाहिले. वरच्या कोपऱ्यात जागा मोकळीच होती. तिने पेन उचलून तारीख घातली, शाई वाळेपर्यंत थांबली, आणि वही सहीसाठी पोपटरावांपुढे सरकवली.