ह्यूला त्रास नको

"सगळ्यात कमी आवाज करणारी दाखवा," माझा नवरा उल्हास दुकानदाराला म्हणाला, तेव्हाच माझं डोकं सणकलं. कोल्हा मारायला बंदूक घेतोय आणि काळजी कसली, तर शेजाऱ्याला ऐकू जाईल याची!

आमचं घर ग्लासगोच्या बाहेर, मागे कुंपण आणि पलीकडे ह्यूचं मेंढ्यांचं शेत. कोल्ह्यानं एका पहाटे माझ्या सगळ्या कोंबड्या मारल्या, खाल्ली एकच. मग उल्हासनं पोलिसांकडून रीतसर लायसन्स काढलं, रेंजवर जाऊन नेम शिकला. इथवर ठीक होतं.

दुकानदारानं दोन रायफली काढल्या. मोठीची गोळी जोरकस, कोल्हा जागच्या जागी आडवा. पण सायलेन्सर लावला तरी ती कडाडणार. छोटीची काडतुसं मुद्दाम मंद बनवलेली, सायलेन्सर लावला की टाळी वाजवल्याएवढा आवाज. "ही सशांना उत्तम," तो म्हणाला. "कोल्ह्याला अगदी जवळून, तेही नेम पक्का असेल तरच. लांबून अजिबात मारू नका."

"मोठी घे," मी म्हणाले.

"अगं सुचेता, हळू बोल ना. ह्यूला काय वाटेल? रोज धाडधाड?"

हळू बोल! या देशात पाय ठेवल्यापासून हेच ऐकतेय. सकाळी नऊच्या आत मिक्सर लावायचा नाही. आईशी फोनवर हसायचं नाही. कुकरची पहिली शिट्टी झाली की हा धावत येऊन गॅस बंद करतो, डाळ कच्ची राहिली तरी चालेल! आणि आजवर एकाही शेजाऱ्यानं तक्रार केलेली नाही, बरं का. तक्रार करणारा शेजारी याच्या डोक्यातच राहतो, भाडंही न देता.

घेतली छोटीच.

रविवारी संध्याकाळी, चांगला उजेड असताना, कोल्हा कुंपणाच्या टोकाशी दिसला. "लांब आहे, येऊ दे जवळ," मी म्हणाले. उल्हासला धीर निघाला नाही. टप्प! कोल्हा पडला, उठला, आणि मागचं धड फरफटत ह्यूच्या शेतातल्या काटेरी झुडपांत शिरला. मग ओरडायला लागला.

लहान मूल किंचाळावं तसा तो ओरडत होता. थांबेचना. उल्हास बंदूक धरून नुसता उभा.

"ह्यूला फोन कर," मी म्हणाले.

"नको गं, थोडा वेळ थांबू. आपोआप..."

"आपोआप काय? मरेल? लाज वाटते का रे तुला? त्या मुक्या जिवाचे हाल चाललेत, आणि तुला अब्रूची पडलीय!" माझा आवाज गावभर गेला असेल. जाऊ दे. फोन मीच लावला.

ह्यू आपली रायफल घेऊन आला, आमच्याकडे न बघता झुडपांमागे गेला. एकच बार झाला. कानठळ्या बसल्या, समोरच्या टेकडीवरून आवाज परत आला. त्यानंतर किंचाळी थांबली.

परत येताना त्यानं उल्हासच्या हातातली बंदूक पाहिली. "कोल्ह्याला हिनं मारलंस? एवढ्या लांबून?"

"तुम्हाला आवाजाचा त्रास नको म्हणून..." उल्हास पुटपुटला.

ह्यू लालबुंद झाला. "माझं नाव घेऊ नकोस यात. मला एकदा तरी विचारलं होतंस?" आणि तो चालता झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कुकर लावला. पहिली शिट्टी झाली. उल्हास सवयीनं धावत आला, हात गॅसकडे गेला.

"हात लावून तर बघ," मी ओरडले.

हात तसाच राहिला. दुसरी शिट्टी झाली. तिसरीला तो खुर्चीत बसला आणि रडायला लागला, तेसुद्धा आवाज न करता.