मुकादमाचा रबरी कोयता

मित्रांनो, दचकू नका आणि मागेही सरकू नका. मी एक जुना कोयता आहे हे खरं, पण रबराचा आहे. माझ्याने आजवर पिकलेलं केळंसुद्धा कापलं गेलेलं नाही. तरीही मला पाहिलं की माणसांच्या डोळ्यांत संशय येतो. सगळा जन्म संशयात गेला की आपला स्वभावही तसाच बनतो. मीसुद्धा कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म चिखलीतल्या उद्धवरावांच्या वर्कशॉपमध्ये झाला. तिथे दुचाकीला लागणारे रबरी बुश तयार होतात. सहा वर्षांपूर्वी रावेतचा सलिल त्यांच्याकडे आला. तो आठवडाभर नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमा काढायचा. त्याच्या भुताच्या सिनेमाचं नाव होतं 'थर्ड शिफ्टचा मुकादम'. मेलेला मुकादम कारखान्यात परत येतो आणि ज्यांनी त्याला छळलं त्यांना एकेक करून कोयत्याने संपवतो, अशी त्याची गोष्ट. कुणाला इजा होणार नाही असा कोयता त्याला हवा होता. उद्धवरावांनी दोन दिवस खपून साचा बनवला, प्रेसमध्ये रबर दाबलं आणि मला गरमागरम बाहेर काढलं. माझ्या अंगाला इतका उग्र वास होता की सलिलने नाकाला रुमाल लावला. वरून चंदेरी रंगाचे दोन हात दिले, तरी वास काही गेला नाही. मला त्या वासाची फार लाज वाटायची.

मुकादमाचं काम प्रेसवरच्या गणराजला मिळालं. तो बीडकडचा. त्याच्या घरचे सगळे ऊसतोडीला जात, त्यामुळे कोयता कसा फिरवायचा हे त्याला शिकवावं लागलं नाही. नायिका होती करिष्मा, वर्कशॉपच्या इन्स्पेक्शनला बसणाऱ्या सुभद्राबाईंची एकुलती एक लेक. पहिल्याच सीनमध्ये मी तिच्या गळ्याजवळ गेलो आणि तिला तीन शिंका आल्या.

"शी बाई, टायरच्या दुकानात झोपल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. सगळे हसले. मी मात्र मनातल्या मनात लाजेने अर्धमेला झालो.

एकदा गणराज मला पिशवीत घालून मोटरसायकलवरून आकुर्डीला निघाला असताना नाकाबंदीत अडकला. आमच्या भागात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्या आहेत; तिथे पिशवीत कोयता सापडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. दोन तास आम्ही चौकीत बसून होतो. शेवटी उद्धवराव आले, त्यांनी मला चपातीसारखं दुमडून दाखवलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

पण सिनेमा चालला! चिखलीच्या सोसायट्यांतली मुलं माझ्यासोबत फोटो काढायला रांग लावायची. खंडेनवमीला वर्कशॉपची सगळी हत्यारं पुजतात, तेव्हा उद्धवरावांनी मलाही पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पाने, हातोडे, मापं घ्यायचे व्हर्नियर यांच्या पंगतीत मी! त्या दिवशी मला फार भरून आलं होतं.

कौतुक किती दिवस टिकणार? वर्षभरात लोक विसरले आणि माझी रवानगी लाल पेटीत झाली. वर्कशॉपचा नियम असा, की चांगल्या नगाला हिरवा ठिपका आणि खराब नगाला लाल. लाल ठिपक्याचे नग या पेटीत जातात. सुभद्राबाई बावीस वर्षं हेच काम करत होत्या. पाच वर्षं मी त्या पेटीत वाकड्यातिकड्या बुशांखाली पडून राहिलो. माझं टोकही वाकलं, वास मात्र तसाच राहिला.

मग या वर्षी सलिल पुन्हा आला, भाग दोन काढायला. पहिल्या भागात जाळून राख केलेला मुकादम दुसऱ्या भागात कसा परत येतो, हे मला विचारू नका. भुतांकडे असली चौकशी करायची पद्धत नसते.

सलिलने मला पाहिलं आणि नाक मुरडलं. "हा फारच हलका वाटतो. हवेत डुलतो, उद्धवकाका." उद्धवरावांनी माझ्या पोटात लोखंडी सळई घातली, वजन आणलं, टोक सरळ केलं. इथपर्यंत ठीक होतं. पण एका सीनमध्ये कोयता लाकडात रुतून बसायला हवा होता. ते काही माझ्याच्याने होणार नव्हतं. म्हणून गणराजने गावाहून घरचा कोयता आणला. खरा. त्यालाही माझ्यासारखाच चंदेरी रंग दिला, मुठीला तीच काळी टेप गुंडाळली. आम्ही शेजारी ठेवल्यावर उद्धवरावसुद्धा क्षणभर गोंधळले.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मला सगळ्यांचा संशय येऊ लागला. गणराज एकटाच कोपऱ्यात उभा राहून कोयता फिरवत असायचा, तो कशासाठी? सलिल त्याच्या कानाशी लागून काय सांगायचा? त्यातच एक दिवा स्टँडवरून खाली आला, कॅमेऱ्याची बॅटरी हरवली आणि माणसं कुजबुजू लागली, की मुकादम खरोखरच आलाय. दारावर लिंबू-मिरची लागली. सुभद्राबाईंना तर पहिल्यापासूनच सिनेमावाल्यांचा भरवसा नव्हता. लेकीवर लक्ष ठेवायला त्या प्रत्येक शूटिंगला येऊन बसायच्या.

आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. अशाच एका गुरुवारी सकाळी खिडक्यांना ताडपत्र्या लावून भरदिवसा रात्र केली होती. सलिल घाईत सुभद्राबाईंकडे आला. त्याच्या हातात रंगाच्या दोन डब्या होत्या.

"मावशी, बसलाच आहात तर एक काम करा. खरा कोयता कुठला आणि खोटा कुठला, ते चेक करून ठिपके लावून ठेवा. लाल आणि हिरवा."

"मला काय सांगायचं त्यात," सुभद्राबाई म्हणाल्या. "जल्मभर तेच करतीया."

त्यांनी चष्मा लावला. खऱ्या कोयत्याने सुतळी कापून पाहिली, एका फटक्यात दोन तुकडे झाले. त्यांनी त्याच्या मुठीवर हिरवा ठिपका लावला. मग मला सुतळीवर ओढलं. सुतळी जशीच्या तशी. माझ्या मुठीवर लाल ठिपका आला. मला वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. लाल ठिपक्याची मला सवयच होती.

सकाळचा सीन झाला. सुभद्राबाईंनी खरा कोयता स्वतःच गणराजच्या हातात दिला, त्यामुळे ठिपक्याकडे कुणी पाहिलंच नाही, आणि तो लाकडात छान रुतला. मग दोघांना एका ट्रेमध्ये ठेवलं. दुपारी करिष्माच्या गळ्यावर पातं टेकवून ओढायचा सीन होता. तेवढा होईपर्यंत सुभद्राबाई ताडपत्रीबाहेर स्टुलावर जाऊन बसल्या. लेकीचा गळा कापलेला, खोटा का होईना, त्यांना बघवत नव्हता.

सलिल गणराजला म्हणाला, "भावा, लाल म्हणजे डेंजर. त्याला हात लावू नकोस. हिरवा घे, हिरवा सेफ."

मित्रांनो, तेव्हा माझ्या पोटातली सळईसुद्धा गार पडली. मी इतके दिवस ज्याच्यावर त्याच्यावर संशय घेत होतो आणि इथे कुणाच्याच मनात पाप नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं. पण कोयत्याला तोंड कुठे असतं? गणराजच्या हातांत वेल्डरचे जाड हातमोजे होते, चेहऱ्यावर मुकादमाचा मुखवटा. वजन तर सारखंच. त्याने हिरव्या ठिपक्याचा कोयता उचलला आणि मी ट्रेमध्ये एकटा राहिलो.

"ॲक्शन!"

करिष्मा डोळे मिटून टेबलावर पडली होती. मुकादम पाय ओढत आला. पातं तिच्या हनुवटीखाली टेकलं. आता फक्त ओढायचं बाकी होतं.

करिष्माने नाकाने एक दीर्घ श्वास घेतला आणि खाडकन डोळे उघडले. "थांब! गण्या, हलू नको!"

"कट! काय झालं आता?" सलिल वैतागला.

"वास नाहीये," ती पुटपुटली. मान तसूभरही न हलवता. "रबराचा वास येत नाहीये."

गणराजने कोयता अलगद वर उचलला, बाजूला घेतला. एक हातमोजा काढून त्याने पात्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर रक्त आलं. त्याने मुखवटा ओढून काढला. "अरे देवा. ह्यो तर आमच्या घरचा हाय!"

आवाज ऐकून सुभद्राबाई आत धावल्या. त्यांनी मुठीवरचा ठिपका पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हिरवा मीच लावला," त्या म्हणाल्या. "चांगल्यालाच हिरवा लावत्यात न्हवं?"

"मावशी, लाल म्हणजे डेंजर असं मी..." सलिल बोलता बोलता थांबला. "तुम्हाला सांगितलंच नाही मी."

"आन् म्या बी इचारलं न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या.

त्यांनी लेकीचा गळा दोन्ही हातांनी चाचपला, पुन्हा पुन्हा चाचपला. मग त्या ट्रेपाशी आल्या. त्यांनी मला उचललं, नाकाशी धरलं आणि हुंदके देऊन रडल्या. ज्या वासाची मला जन्मभर लाज वाटली, तोच त्या छाती भरभरून घेत होत्या.

खरा कोयता दुसऱ्याच दिवशी एसटीने बीडला परत गेला. माझ्यावरचा लाल ठिपका सुभद्राबाईंनी स्वतः पुसला. हिरवाही लावला नाही. आता दर गुरुवारी, प्रत्येक टेकच्या आधी, त्या माझा वास घेतात, मला स्वतःच्याच मनगटावर जोरात ओढून पाहतात आणि मगच गणराजच्या हातात देतात. त्यांच्या मनगटावर चंदेरी रंगाचा पट्टा उमटतो. तो दिवसभर त्या धूत नाहीत.

हा भाग संपला की मी बहुधा परत पेटीत जाईन. माझी तक्रार नाही. एवढीच विनंती आहे मित्रांनो, दुसऱ्याच्या हातात काही धारदार देण्याआधी तोंडाने स्पष्ट सांगा आणि घेताना दोनदा विचारा. आणि कधी चिखलीला आलात, तर मला पेटीतून काढून एकदा हुंगून बघा. शिंक आली तरी मला राग येणार नाही.