भिंतीवरचं जनावर

औषधांच्या कारखान्यात सीलबंद बाटल्या उजेडासमोर धरायच्या आणि आत केस, कण, काही तरंगतंय का ते पाहायचं, हे तिचं काम. संशय घ्यायचा पगार मिळत असेल तर घरी आल्यावर माणूस संशय खुंटीला थोडाच टांगून ठेवतो? भाजीवाल्याच्या तराजूपासून नवऱ्याच्या शिंकेपर्यंत तिला सगळीकडे पाणी मुरताना दिसे. सध्या ते सासऱ्यांपाशी मुरत होतं.

सासरे, म्हणजे नाना, जन्मभर बस चालवलेला माणूस. गेला महिनाभर ते सांगत होते की पहाटे स्वयंपाकघरामागच्या भिंतीवरून एक जनावर जातं. मांजरापेक्षा मोठं, तोंडावर काळा पट्टा, अंगाइतकीच लांब शेपटी, आणि पाइप धरून गच्चीवर चढतं. नवऱ्याने फोनवर शोधलं तर शंभर जनावरांचे फोटो आले आणि त्यातलं एकही शहरात राहत नव्हतं. मग गेल्या आठवड्यात नाना त्या जनावरामागे अनवाणीच रस्त्यावर गेले. दूधवाल्याने हाताला धरून त्यांना घरी आणलं. ‘साठी बुद्धी नाठी’ असं तोवर चेष्टेत म्हणणारा नवरा त्या दिवसापासून गप्प झाला. अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था त्याने शोधून काढली, आणि येत्या रविवारी नानांना तिथे ठेवायचं ठरलं.

नानांचं रिकामं अंथरूण तिला आत्तापासूनच बघवेना. पण आपला जीव तुटतो म्हणून म्हाताऱ्याचं जनावर खरं कसं मानायचं?

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर ती वाचनालयाच्या संदर्भ विभागात गेली. तिथली पुस्तकं घरी देत नाहीत, टेबलाशी बसूनच पाहावी लागतात. ग्रंथपाल बाईंनी रानटी पक्षी आणि प्राण्यांचा एक जाडजूड ग्रंथ तिच्यापुढे आणून ठेवला. घुबडं, गरुड, वटवाघळं मागे टाकत ती पुढे गेली आणि एका पानावर थबकली. उदमांजर. तोंडावर काळा पट्टा, लांब शेपटी. माणसांच्या वस्तीतही राहतं, पाइपावरून चढतं, माळ्यावर पिलं घालतं. तिला इतका आनंद झाला की पानावरून हातच निघेना.

पुस्तक परत घेताना ग्रंथपाल बाई हसल्या. या पुस्तकाला अचानक बरे दिवस आलेत, म्हणाल्या. एक म्हातारे गृहस्थ गेल्या महिन्यात आठवडाभर रोज येऊन हेच पान उघडून बसायचे. बस चालवायचे म्हणे.

मनात पाल चुकचुकली. पट्टा, शेपटी, पाइप, सगळं जसंच्या तसं पुस्तकातलं. म्हणजे नानांनी इथे वाचलं आणि घरी ऐकवलं? घरी गेल्यावर तिने नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नाही. नाना एकटे लसूण सोलत बसलेले पाहून ती शेजारी टेकली.

“नाना, पुस्तक आधी की जनावर आधी?”

नानांचे हात थांबले. “जनावर आधी,” ते म्हणाले. “पण तुम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलात ना, तेव्हा मलाच माझा संशय यायला लागला. असलं काही जगात असतं तरी का, ते बघायला गेलो.”

“मग सापडल्यावर सांगितलं का नाही?”

“पुस्तकात आहे एवढंच कळलं. भिंतीवर आहे हे कुठे कळलं?”

तिला ते पटलं. तरी सवय जाते थोडीच. उद्या पहाटे मीही तुमच्यासोबत बसते, असं तिने सांगून टाकलं. नाना कबूल झाले, पण त्यांनी अट घातली. काही आलं तर ते स्वतः काही सुचवणार नाहीत, काय दिसतं ते तिने सांगायचं. माझ्यावर विश्वास नाही का, असं तिने जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

“नाही,” नाना म्हणाले. “तुला माझी दया येते. मी बोट दाखवीन तिथे तू हो म्हणशील.”

पहाटे दोघं स्वयंपाकघरात दिवा न लावता खिडकीशी उभे राहिले. बराच वेळ नुसती भिंत होती. मग भिंतीच्या टोकाशी काहीतरी हललं.

“तोंडावर काळा पट्टा आहे,” ती कुजबुजली. “शेपटी केवढी लांब.”

“हे पुस्तकातलं झालं. पुढे सांग.”

तिने काचेला नाक लावलं. जनावर थांबलं, पुन्हा चालू लागलं. “मागचा एक पाय टेकत नाहीये. उचलून धरलाय. लंगडतंय ते, नाना.”

तिने वळून पाहिलं तर नाना भिंतीकडे बघतच नव्हते. डोळे मिटून उभे होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

“पायाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. “मुद्दाम स्वतःपाशीच राखून ठेवलं होतं. म्हणजे मी ठीक आहे गं.”

तिने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मग आत गेली, नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं आणि सांगितलं, रविवारी नाना कुठेही जाणार नाहीत.