कुडावरची लाल फुली

बदलापूर गावातून मीठ-रॉकेल घेऊन वाडीवर परतले, तर माझ्या घराच्या कुडावर हातभर लाल फुली! रंग अजून ओला होता.

"कोणा मेल्याने केलं हे?" मी ओरडले.

वाडीचा कारभारी पदू विडी विझवत म्हणाला, "वैनी, तापू नकोस. अंबरनाथच्या कारखान्यातले साहेब आलेत, बायकोला घेऊन. फुली त्यांनीच काढलीय. तुझ्या पडवीत औषधाची पेटी ठेवणार आणि आपल्याला लढाईचा कायदा सांगणार."

"लढाईचा कायदा? आपल्या वाडीत? कोणाला येडं बनवतोस रे?"

फुली म्हणजे काय, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. जंगलात तोड निघाली की गार्ड येतो, झाडांना लाल फुल्या मारतो. फुली असेल ते झाड आडवं करायचं, नसेल त्याला हात लावायचा नाही. आज ती फुली माझ्या घरावर होती.

घराचं एक वेळ सोडा. मला धास्ती बारकूची, माझ्या एकुलत्या एका लेकाची. लढाईत रस्ते खणायला म्हणून त्याला ब्रह्मदेशाकडे नेला आणि तिथे हातात बंदूक दिली. परत आला तो असा, की खाकी कपडा दिसला तरी रानात पळतो. काय केलंस रे बाबा, हे विचारून माझी जीभ झिजली. मला वाटायचं, याच्या हातून काहीतरी गुन्हा घडलाय आणि एक दिवस याला न्यायला येणार. आता आलेच म्हणायचे, घर चुकू नये म्हणून खूणही करून ठेवलेली.

मी चुन्याचं मडकं काढलं. फुलीवर चुना फासते आणि यांना हाकलते, असं ठरवूनच पडवीत गेले. साहेब बसला होता, हेमचंद्र नाव त्याचं. खाकी पँट आणि गोड हसणं. गोड हसणाऱ्यांवर माझा कधीच भरोसा नाही. त्याची बायको वृंदा पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटत होती.

"मावशी, घरात कोण कोण असतं?" साहेबाने विचारलं.

बघा, आलाच मुद्द्यावर!

"मी एकटी," मी म्हटलं. बारकू मागे गोठ्यात दडला होता, कुडाला कान लावून.

माणसं जमली तसा साहेब बोलायला लागला. "लढाईलाही कायदा असतो. जखमी झालेल्याला, शरण आलेल्याला मारायचं नाही, मग तो शत्रूचा का असेना. आणि जिथे ही लाल फुली दिसेल, तंबूवर किंवा गाडीवर, तिथे गोळी चालवायची नाही. तिथे आजारी, जखमी माणसं असतात."

"थापा मारतोय," मी पदूच्या कानात म्हटलं. "फुली मारायची आणि तोडायचं नाही?"

तेवढ्यात गोठ्याचं दार वाजलं. बारकू सरळ साहेबासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, फुली असेल तिथे मारायचं नाही? नक्की?"

"नक्की."

बारकू जमिनीवर बसला. "नदीपलीकडे शत्रूचे तंबू होते. एकावर हीच फुली होती. मला वाटलं, आपल्याच कोणीतरी आधी जाऊन खूण करून ठेवलीय, हाच पाडायचा. बाकीच्यांना मी हातही लावला नाही, साहेब. त्याच्यावरच गोळ्या घातल्या. मग आत गेलो, तर सगळे पट्ट्या बांधून निजलेले. एकाकडेही बंदूक नव्हती."

वृंदाबाईंच्या हातातल्या गोळ्या खाली सांडल्या. एकही पोर त्या उचलायला पुढे झालं नाही.

"नेणार का याला?" मी साहेबाला विचारलं.

"नाही हो मावशी. मी कोण नेणारा?"

बारकू मात्र त्याच्याकडेच बघत होता. "साहेब, मग हे सांगायला तेव्हा का नाही आलात?"

मला असा संताप आला! लेकाला पोटाशी धरावं की या माणसाला बदडावं, कळेना.

"बुटांकडे काय बघता?" मी म्हटलं. "उठा! इथून वांगणीपर्यंत सगळ्या वाड्या फुली दिसली की कुऱ्हाड उचलतात. तिथली पोरंही उद्या कोणीतरी नेईल. पुढची लढाई लागायच्या आत जा, सांगा त्यांना."

साहेब उठला. मी चुन्याचं मडकं परत आत नेऊन ठेवलं.