भोंग्यातला श्वास

डोळे मिटून बघा बरं क्षणभर. एक छकडा आहे, एका बैलाचा. त्याच्या दोन्ही बाजूंना पिक्चरचे रंगीत फळे तिरपे बांधलेत. फळ्यावर एक माणूस दातओठ खात पुलाला लोंबकळतोय. छकड्यात उभ्या केलेल्या काठीवर भोंगा आहे आणि भोंग्याखाली बसलेला माणूस माईकमधून बोलतोय. तुम्ही त्या बोलण्यामागं चालू लागलात. चाला, चाला, लाजू नका. अख्खं गाव चालतंय.

"पूल दोरीचा हाय, मायबाप. खाली नदी, नदीत मगरी. अन् दोरीचा येक-येक पीळ सुटून राहिला. हिरोचा हात घामानं निसटून राहिला. येक बोट सुटलं. दुसरं बोट सुटलं. अन्..."

खट्. भोंगा गप्प.

आता सांगा, पाय उचलतोय का तुमचा? नाही ना? चिंचवाडीच्या लोकांचाही उचलत नव्हता. कडेवरचं पोरही बोट तोंडात धरून बसलं होतं. मग पुन्हा खट् झालं.

"बाकीचं पडद्यावर! शिरूर अनंतपाळला, आपल्या तंबूत, आज सांजंला!"

लोकांनी श्वास सोडला. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "लई छळतो बाबा ह्यो सटवाजी." आणि निम्म्यांनी मनात ठरवून टाकलं की संध्याकाळी जायचंच.

माईकवाला माणूस सटवाजी. आणि त्याच्या पायाशी बसून भोंग्याच्या मशीनच्या खटक्यावर बोट ठेवणारी त्याची लेक सिंधू, दहाव्या वर्षात असलेली, वेताच्या काडीसारखी हलकी. आई गुणाबाई तिकडं शिरूरजवळ रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची, म्हणून सिंधू बापाबरोबर गावोगाव फिरायची.

हा मधेच गप्प होण्याचा प्रकार आधी बॅटरीपायी सुरू झाला होता. तंबूवाल्या वीरभद्र शेटची बॅटरी जुनी होती. बोलता बोलता उतरायची. म्हणून सटवाजी श्वास घ्यायला थांबला की सिंधू खटका बंद करायची. करता करता सटवाजीच्या ध्यानात आलं, की भोंगा बंद पडला की लोक निघून जात नाहीत, उलट गाडीला येऊन चिकटतात. पुढं एकदा रिळांच्या पेट्या आणायला तो लातूरला गेला, तेव्हा तिथल्या टॉकीजात त्यानं मारधाडीच्या पिक्चरचं ट्रेलर पाहिलं. नगारे वाजतात, काचा फुटतात, मोटार कड्यावर येते, आणि एकदम काळा पडदा. आवाज नाही, काही नाही.

त्यानं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा सिंधू म्हणाली, "म्हंजे लातूरवाल्यांची बॅटरी बी आपल्यासारखीच हाय का, आबा?"

सटवाजी पोट धरून हसला. मग तिला जवळ घेऊन म्हणाला, "न्हाई गं. दावलं की मानूस बघतो अन् इसरतो. न्हाई दावलं की आपल्या मनानं बघतो. मनातली मगर पडद्यावरच्या मगरीपरीस लई मोठी असती."

"मग तुमी मारामारी कामून सांगत न्हाई?"

"मारामारीत काय हाय? गुद्दा मारला, संपलं. मारामारीच्या आधीचं सांगायचं. दोरीचा पीळ सांगायचा. अन् वरडायचं न्हाई. वरडलं की लोक कान झाकतेत. हळू बोललं की जवळ येतेत."

सिंधूला हे सगळं पाठ झालं होतं. बाप कुठल्या शब्दावर थांबणार हे तिच्या बोटाला आधीच कळायचं.

लातूर नवा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दुकानांच्या पाट्यांवरचं 'उस्मानाबाद' खरवडून 'लातूर' रंगवून झालं होतं. आणि त्याच पाट्यांखाली रिकाम्या घागरींच्या रांगा लागत होत्या. "जिल्हा आला, आता पानी कवा येतंय?" असं लोक एकमेकांना विचारायचे आणि हसायचे. दुसरं करणार काय? चिंचवाडीच्या गावविहिरीत तर तळाशी एक झरा तेवढा उरला होता, परातीएवढा. घागर त्यात बुडत नसे. म्हणून एखाद्या हलक्या पोराला दोरानं खाली सोडायचं, त्यानं वाटीवाटीनं घागर भरायची, असा रिवाज पडला होता. रहाटाला जाड दोर एकच. पोरगं तळाशी पोचलं की तो अंगावरून सोडायचं, म्हणजे त्याच दोरानं घागरी वर जायच्या. जो उतरेल त्याच्या घरची घागर पहिली.

त्या दिवशी छकडा विहिरीजवळ आला तेव्हा बायका तोंडं पाडून बसल्या होत्या. उतरणारी पोर तापानं फणफणली होती. सटवाजीचा बैल, तांबड्या, सकाळपासून तहानलेला, जीभ बाहेर काढून उभा होता.

"सटवाजी, तुझी पोर उतरंल का रं?" दानम्मानं विचारलं. दानम्मा गावातली वयस्क बाई, सगळे तिला अक्का म्हणत. "पहिली घागर तुझ्या बैलाला."

सटवाजीनं विहिरीत डोकावून पाहिलं. बांधकाम नसलेली कच्ची विहीर. खाली मुरूम, वर काळी भुसभुशीत माती, उन्हानं तडकलेली. त्याचं मन धजेना. पण तांबड्यानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, आणि सिंधू तर परकर खोचून तयारच.

"मी उतरते, आबा. भेव न्हाई मला."

रहाटावर नरसिंग होता, दांडग्या हाताचा, कमी बोलणारा. सटवाजीनं दोर ओढून पाहिला, गाठ पाहिली, आणि लेकीला खाली सोडली. दोर मोकळा झाल्याची खूण आली. मग पोर पाणी भरेपर्यंत चावडीपुढं एक आवाज देऊन यावा, म्हणून तो छकडा घेऊन निघाला. खटक्यावर आज त्याचंच बोट होतं.

पुलाचा पहिला पीळ सुटला असेल नसेल, तोच दानम्मा पदर सावरत पळत आली. "सटवाजी! कड ढासळली रं! पोर खाली हाय!"

त्याच्या हातात काय होतं? माईक. माणसाच्या हातात जे असतं त्यानंच तो हाक मारतो. "पळा रं!" तो भोंग्यातून ओरडला. "इहिरीकडं पळा! माजी सिंधी इहिरीत हाय! पळा!"

आणि गाव पळालं. चावडीवरचे पळाले, घरातले पळाले, माळावर खडी फोडणारे टोपल्या टाकून पळाले.

सटवाजी छकडा हाकत पोचला तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं ते. विहिरीच्या काठावर माणसांचं कडं उभं राहिलं होतं. पुढचे वाकून बघत होते, मागचे पुढच्यांना ढकलत होते, आणि त्यांच्या पायांखालून काळ्या मातीची ढेकळं सुटून खाली पडत होती. एकेक ढेकूळ पडलं की खालून सिंधूची किंकाळी यायची. रहाटापाशी नरसिंग दोराला फास मारत होता आणि ओरडत होता, "मागं सरा! कड खचंल! मागं सरा!" कोण ऐकतंय?

"मागं सरा!" सटवाजीही भोंग्यातून ओरडला. झालं उलटंच. मागच्यांना वाटलं पुढं काहीतरी घडलं, ते जास्तच रेटू लागले. काठाला एक बारीक चीर गेली. त्या चिरेवर पन्नास माणसं उभी होती आणि खाली खोल अंधारात त्याची लेक.

तुम्ही असता तर काय केलं असतं? विहिरीकडं धावला असता. कुठलाही बाप धावला असता. सटवाजीचाही एक पाय छकड्याखाली उतरलाच होता. पण तो गेला असता तर काठावर एक माणूस वाढला असता, एवढंच.

त्यानं पाय वर घेतला. कासरा ओढला आणि तांबड्याला विहिरीकडं पाठ करून वळवला; भोंग्याचं तोंड मात्र विहिरीकडंच राहिलं. मग माईक ओठांशी नेला आणि आवाज अगदी खाली आणला.

"पूल दोरीचा हाय, मायबाप..."

काठावरची डोकी फिरली. कुणाला खरंच वाटेना.

"येडा झाला काय रं हा?" एकजण ओरडला. "पोर मराया लागली अन् ह्याला पिक्चर सुचून राहिला!"

"वडा रं त्याला खाली! हान त्याच्या टाळक्यात!"

चार-पाच गडी चिडून छकड्याकडं धावले. त्यांच्या मागं आणखी दहा. सटवाजी थांबला नाही, छकडा माळाकडं चालतच राहिला. त्याचा आवाज इतका हळू होता की शिव्या देणाऱ्यांनाही ऐकायला गप्प व्हावं लागलं.

"खाली अंधार हाय. वरून माती पडून राहिली. पर हिरो शाना हाय. तो कडंला चिकटत न्हाई. मधी येतो. झऱ्यापाशी, अगदी मधी. अन् डोक्यावर घागर पालथी धरतो."

दानम्मा त्याच्याकडं बघत राहिली. पडद्यावरच्या नदीत झरा कुठला आणि घागर कुठली? मग तिचा चेहरा बदलला. तिनं शेजारणीचा हात धरला, दुसऱ्या हातानं एका म्हाताऱ्याला ओढलं. "चला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "गाडीमागं चला. पोरीशी बोलून राहिला तो. चला म्हंते ना!"

मग काठ मोकळा होऊ लागला. रोजच्या सवयीनं म्हणा, दानम्माच्या धाकानं म्हणा, माणसं छकड्यामागं आली. मारायला आलेला गडी चाकाला हात लावून मुकाट चालत होता. पण सटवाजीनं मान वळवली नाही. त्यानं मागं बघितलं असतं तर सगळ्यांनी मागं बघितलं असतं. विहीर त्याच्या पाठीमागं लांब लांब जात होती, आणि तो लेकीपासून पावलापावलानं दूर चालला होता.

"वरून दोर येतोय. दोराला फास हाय. हिरो घाई करत न्हाई. आधी येक हात घालतो. मंग दुसरा. फास काखंत घेतो. अन् दोराला दोनदा झटका देतो. दोनदा."

रहाट करकरला. ते करकरणं सगळ्यांनी ऐकलं.

"दोर ताणला, मायबाप. पाय तळापासून सुटले. माती पडती, तरी हिरो डोळे उघडत न्हाई. रहाट फिरून राहिला. हिरो वर येऊन राहिला. आता हातभर राहिला उजेड. अन्..."

तो थांबला.

ही त्याची नेहमीचीच जागा होती. इथं थांबायचं, गावाचा श्वास अडकवायचा. पण रोज त्याला पुढचं माहीत असायचं. मुठीत झाकलेला खडीसाखरेचा खडा असावा तसं ते त्याच्यापाशी असायचं. आज मूठ रिकामी होती.

तेवढ्यात मागं मोठा धप्प आवाज झाला. जमीन पायाखाली थरारली. धुळीचा लोट माळापर्यंत आला आणि छकड्यावरून पुढं गेला. विहिरीची कड गेली होती, मघाशी माणसं उभी होती तीच.

रहाटाचं करकरणं बंद झालं होतं.

कुणी मागं वळलं नाही. ज्याची पोर तोच वळत नव्हता, मग दुसरा कोण वळणार? सटवाजी समोर तांबड्याच्या पाठीकडं बघत बसला होता. माईक ओठांपाशीच होता आणि खटका बंद करणारं बोट पायाशी नव्हतं. त्यामुळं त्याचा श्वास भोंग्यातून बाहेर पडत होता. आत जाताना अडखळणारा, बाहेर येताना थरथरणारा. माळावर, विहिरीवर, रिकाम्या घरांवर, सगळीकडं तेवढा एकच आवाज. उन्हातलं सगळं गाव तो ऐकत उभं होतं.

मग गर्दीच्या मागच्या बाजूनं वाट होऊ लागली. एकेकजण बाजूला सरत होता. दानम्मानं तोंडावर पदर घेतला. धुळीतून नरसिंग आला. त्याचे दोन्ही तळहात दोरानं सोलून निघाले होते आणि ते त्यानं अंगापासून दूर धरले होते. त्याच्या पुढं एक पोर चालत होती. केस, तोंड, परकर, सगळं मातीचं. चालताना ती एका पायानं लंगडत होती.

सटवाजीला ती दिसली नाही. तो अजून समोरच बघत होता.

सिंधूनं चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवला, धुरीला धरून वर चढली आणि रोजच्या जागी, बापाच्या पायाशी जाऊन बसली. भोंग्यातून येणारा तो श्वास तिनं क्षणभर ऐकला.

"आबा," ती म्हणाली, आणि तिचंही बोलणं साऱ्या माळावर घुमलं, "चालूच ठेवलाव की. बॅटरी उतरंल ना."

आणि मातीनं भरलेलं बोट पुढं करून तिनं खटका बंद केला.